जुन्या शेव्हरोले पिकअपचा पत्रा कसा वाचावा: १९४७ ते १९५५च्या ट्रकवरील कारखान्याबरहुकूम भागांची ओळख

जुना पिकअप ट्रक विकणारा माणूस ‘सगळे मूळ आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याला एवढेच म्हणायचे असते की ट्रकवरचा प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या जुन्या शेव्हरोलेवरून आलेला आहे. आपल्याला मात्र वेगळी गोष्ट तपासायची असते. तो विशिष्ट ट्रक ज्या वर्षी कारखान्याच्या दारातून बाहेर पडला, त्या वर्षी त्याच्यावर जे भाग बसवले जात होते तेच आज त्याच्यावर आहेत का, हे पाहायचे असते. अशा भागांना या लेखात मी ‘कारखान्याबरहुकूम’ म्हणतो. एखादा भाग सत्तर वर्षांचा असूनही कारखान्याबरहुकूम नसू शकतो आणि जुन्या गाड्यांच्या नादाला नव्याने लागलेल्या माणसाची पहिली फसगत इथेच होते.

उदाहरणासाठी मी शेव्हरोलेची ‘ॲडव्हान्स डिझाइन’ ही मालिका घेतली आहे. ती १९४७च्या उन्हाळ्यात बाजारात आली आणि मार्च १९५५मध्ये तिची जागा पूर्णपणे वेगळ्या बांधणीच्या मालिकेने घेतली. त्यामुळे १९५५ या एकाच वर्षाचे दोन प्रकारचे ट्रक सापडतात. त्यांतल्या पहिल्याला ‘फर्स्ट सिरीज’ म्हणतात आणि तोच आपल्या विषयात येतो. शिकण्यासाठी ही मालिका उत्तम आहे, कारण आठ वर्षे बाहेरचा आकार जवळजवळ तसाच ठेवून कंपनीने दरवर्षी एखाददुसरी बारीक गोष्ट बदलली. आकार सारखा असल्यामुळे भाग एकमेकांवर बसतात, म्हणूनच ते इतके अदलाबदल झालेले आहेत. आणि बारीक बदल झालेले असल्यामुळेच ही अदलाबदल पकडता येते.

तपासणीचा क्रम ठरवताना एक नियम धरावा. पत्र्यात जे कापलेले, दाबलेले किंवा वेल्ड केलेले आहे, त्याची साक्ष आधी घ्यावी. जे बोल्ट किंवा स्क्रू काढून अर्ध्या तासात बदलता येते, त्याची सर्वांत शेवटी. नवशिके नेमके उलट करतात, कारण चमकणारी जाळी आणि बॉनेटवरची अक्षरे समोरच दिसतात. बरोबर एक चांगली विजेरी, मऊ फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांडीचा आरसा, मोजपट्टी आणि वही असावी. विजेरी आणि आरसा सर्वांत जास्त उपयोगी पडतात, कारण वाचण्यासारखे जे काही असते ते बहुधा पत्र्याच्या आतल्या बाजूला असते.

सुरुवात चालकाच्या दाराच्या खांबावरील धातूच्या पट्टीपासून करावी. तिच्यावर ट्रकचा अनुक्रमांक असतो. १९४७ ते १९५२पर्यंतच्या क्रमांकात आधी जोडणी-कारखान्याचा आकडा, मग वर्ष आणि वजनगट सांगणारी दोन अक्षरे, मग महिन्याचे अक्षर आणि शेवटी क्रमाने वाढणारी संख्या येते. अर्ध्या टनाच्या, म्हणजे साधारण तेवढे ओझे वाहण्याच्या गटातल्या, ट्रकसाठी ही दोन अक्षरे १९४७ला ईपी, १९४८ला एफपी, १९४९ला जीपी, १९५०ला एचपी, १९५१ला जेपी आणि १९५२ला केपी अशी आहेत; मधले ‘आय’ हे अक्षर वगळलेले आहे. दुसरे अक्षर ‘पी’ऐवजी ‘आर’ असेल तर ट्रक पाऊण टनाचा आणि ‘एस’ असेल तर एक टनाचा समजावा. म्हणजे ‘३एचपीडी’ने सुरू होणारा क्रमांक सेंट लुइसच्या कारखान्यात एप्रिल महिन्यात जोडलेल्या, १९५०च्या अर्ध्या टनाच्या ट्रकचा झाला. १९५३पासून पद्धत सोपी झाली आणि ‘एच५३’, ‘एच५४’ असे वर्ष सरळ आकड्यातच दिसू लागले. पट्टीचा रंगही पाहावा, कारण १९५२पर्यंत ती काळ्या रंगावर चंदेरी अक्षरांची होती आणि १९५३पासून निळ्या रंगावर चंदेरी अक्षरांची झाली.

इथे दोन सावधगिरीच्या सूचना आहेत. एक म्हणजे अशा पट्ट्या नव्याने बनवूनही मिळतात, त्यामुळे पट्टी हा ट्रकचा दावा आहे, पुरावा नव्हे; पुढची सगळी तपासणी त्या दाव्याची आहे. दुसरी म्हणजे पट्टी फक्त पाहावी आणि तिचे छायाचित्र घ्यावे, पण ती उचकटून मागे काय आहे ते पाहण्याचा मोह टाळावा, कारण वाहनाची ओळखपट्टी काढणे हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. मालकीच्या कागदावरचा क्रमांक पट्टीशी जुळत नसेल तर लगेच चोरीचा संशय घेऊ नये. त्या काळी अनेक राज्यांत ट्रकची नोंद इंजिनाच्या क्रमांकावर होत असे आणि ते इंजिन केव्हाच भंगारात गेलेले असते. तरीही हा गुंता विकत घेण्यापूर्वी सोडवावा, नंतर नव्हे.

आता केबिन. ट्रकवरचा सर्वांत मोठा वेल्ड केलेला भाग हाच असल्यामुळे सर्वांत विश्वासू साक्षीदारही हाच. पुढची काच प्रथम पाहावी. १९४७ ते १९५३पर्यंत ती दोन तुकड्यांची असून मध्ये उभी पट्टी आहे. १९५४ आणि १९५५च्या पहिल्या मालिकेत ती एकसंध आणि वक्र आहे. मधली पट्टी काढून दोन काचा कडेला कडा भिडवून बसवण्याची हौस अनेकांना असते, म्हणून दुरून एकसंध दिसणाऱ्या काचेजवळ जाऊन मध्यावर सांधा आहे का ते पाहावे. काच वक्र नसून मध्यावर कोनात मिळत असेल तर केबिन १९५३पर्यंतचीच आहे. १९५४ला डॅशबोर्डही बदलला, त्यामुळे वक्र काच आणि जुना डॅशबोर्ड अशी जोडी दिसली तर कोणीतरी बरीच कापाकापी केली आहे असे समजावे.

त्यानंतर प्रवाशाच्या बाजूला जाऊन दाराच्या मागचा पत्रा पाहावा. १९४७ आणि १९४८च्या ट्रकमध्ये इंधन भरण्याची नळी उजव्या बाजूला हौद्याजवळ होती. १९४९ला टाकी केबिनमध्ये आसनामागे उभी आली आणि नळीचे तोंड दाराच्या मुठीच्या जरा मागे, केबिनच्या पत्र्यात उघडू लागले. ही खूण मला फार आवडते, कारण ती लपवायला कठीण आहे. पट्टी १९४८ सांगत असेल आणि केबिनच्या पत्र्यात इंधनाचे तोंड असेल, तर केबिन दुसऱ्या ट्रकची आहे. उलट प्रकार जास्त आढळतो. टाकी हौद्याखाली हलवण्यासाठी लोक केबिनचे भोक बुजवतात, आणि बाहेरून रंग गुळगुळीत असला तरी आसनामागे आरसा धरला की वेल्डची गोल कड दिसते.

तिसरी खूण चालकाच्या पायाजवळ आहे. केबिनच्या डाव्या बाजूचा हवेचा लहान झरोका १९५०पर्यंतच होता. झरोका बुजवलेला की मुळातच नव्हता, हे आतून पत्रा दाबाने घडवलेला आहे की वरून चिकटवलेला आहे यावरून कळते.

केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत वक्र काचा असतील तर किंमत एकदम चढते, म्हणून त्या खिडक्या नीट तपासाव्यात. कोपऱ्याच्या काचा ‘डिलक्स’ केबिनला मिळत आणि दोन्ही दारांच्या, मागची एक आणि कोपऱ्यांच्या दोन अशी गोळाबेरीज करून तिला ‘पाच खिडक्यांची केबिन’ म्हणतात. साध्या केबिनमध्ये दुसऱ्या केबिनचे कोपरे कापून जोडण्याचे काम होत आले आहे. कारखान्याच्या कोपऱ्यात खिडकीच्या कडेचे दोन पत्रे ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डच्या बारीक वर्तुळाकार खळग्यांनी जोडलेले असतात. जोडकामात मात्र खांबाला आडवी जाणारी सलग वेल्डची रेघ असते आणि तिच्यावर पुट्टी असते. पुट्टीच्या जागी चुंबकाची ओढ ढिली पडते. छताखालचे अस्तर मागच्या बाजूने जरा सोडवून दाखवण्याची विनंती करायला संकोच करू नये. जो विक्रेता त्याला नकार देतो, त्याच्या ट्रकला मी साध्या केबिनचीच किंमत लावतो.

दारांवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण या मालिकेचा सगळा खेळ त्यांच्यात दिसतो. दारात दोन स्वतंत्र बदल झाले. १९५१ला खिडकीच्या पुढच्या भागात उघडणारी त्रिकोणी काच आली आणि १९५२ला बाहेरची मूठ बदलली. त्याआधी ती खाली फिरवावी लागे, नंतर बटण दाबण्याची झाली. हे दोन बदल वेगवेगळ्या वर्षी झाल्यामुळे दारांचे तीन प्रकार पडतात. त्रिकोणी काच नाही आणि मूठ फिरवण्याची, हे १९४७ ते १९५०चे दार. त्रिकोणी काच आहे आणि मूठ फिरवण्याची, हे फक्त १९५१चे. त्रिकोणी काच आहे आणि मूठ बटणाची, हे १९५२ ते १९५५चे. केबिनची चौकट सारखी असल्यामुळे ही दारे कुलपाच्या खटक्यात फेरफार करून एकमेकांच्या जागी बसतात, आणि शेतावर राबलेल्या ट्रकचे दार पिचले की मालक भंगारवाल्याकडे जे मिळेल ते आणून बसवत असे.

मी मिशिगनमध्ये विकत घेतलेला पहिला ट्रक १९५०चा होता आणि त्याच्या दोन्ही दारांना त्रिकोणी काचा होत्या. वारा छान येतो, म्हणून मी खूश होतो. घरी आणल्यावर पावसाळी दिवसात एक दार उघडे ठेवून आतल्या मुठीजवळचे झाकण काढले, तेव्हा वरच्या थरातील निळ्या रंगाखाली लाल, लालखाली गंजरोधक लेप आणि त्याखाली फिकट पिवळा रंग लागला. केबिनच्या आत हातमोज्यांच्या कप्प्यामागे मात्र निळ्याखाली सरळ गडद हिरवा होता. तो ‘फॉरेस्टर ग्रीन’, त्या वर्षांतला शेव्हरोले ट्रकचा नेहमीचा रंग. दारे १९५१च्या कोणत्यातरी पिवळ्या ट्रकची होती. विक्रेत्याने ‘दारेसुद्धा मूळ’ असे मला दोनदा सांगितले होते आणि मी काचेकडे पाहूनही ते मान्य केले होते. तेव्हापासून मी प्रत्येक मोठ्या भागाच्या आतल्या बाजूचे रंगाचे थर पाहतो. केबिन, दार, बॉनेट आणि मडगार्ड यांचा सर्वांत खालचा रंग एकच असेल, तर ते एकत्र जन्मले असण्याची शक्यता पुष्कळ वाढते. रंग खरवडू मात्र नये; उडालेला टवका, झाकणाखालची कड किंवा बिजागरीमागचा भाग पुरेसा असतो.

दारांच्या बाबतीत आणखी एक फसवे रूप आहे. त्रिकोणी काच काढून संपूर्ण एक काच बसवण्याचे तयार संच मिळतात. असे केलेले १९५१चे दार, मूठ फिरवण्याची असल्यामुळे, १९५०च्या दारासारखे दिसते. खिडकीच्या चौकटीच्या पुढच्या कडेला त्रिकोणी काचेची चौकट धरणाऱ्या स्क्रूंची रिकामी किंवा बुजवलेली भोके दिसतात का, ते पाहावे.

समोरच्या भागात जाळी, बॉनेट आणि मडगार्ड येतात, आणि हे तिन्ही बोल्टवरचे असल्यामुळे त्यांचे म्हणणे सावधपणे ऐकावे. जाळीबद्दल थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९५३पर्यंत पाच आडव्या पट्ट्या होत्या. १९५४पासून जाड आडवी-उभी रचना आली, जिला तिकडे ‘बुल नोज’ म्हणतात. बॉनेट जास्त बोलके आहे, कारण दोन्ही बाजूंच्या नावपट्ट्या वेळोवेळी बदलल्या आणि प्रत्येक पट्टीला पत्र्यात भोके पाडावी लागत. १९४७-४८ला ‘शेव्हरोले’ या नावाखाली हलक्या ट्रकवर ‘थ्रिफ्टमास्टर’ आणि भारी ट्रकवर ‘लोडमास्टर’ असे लिहिलेले असे. १९४९ला त्यांची जागा आकड्यांनी घेतली, म्हणजे अर्ध्या टनाला ३१००, पाऊण टनाला ३६०० आणि एक टनाला ३८००. १९५२च्या मध्यावर आकडा गेला आणि नुसते नाव उरले. १९५३ला उलटे झाले, म्हणजे नाव गेले आणि मोठा आकडा उरला. १९५५च्या पहिल्या मालिकेत पट्टीचा आकारच नवा आला. नावपट्टी कितीही अस्सल असली तरी तिची साक्ष घेऊ नये. बॉनेट उघडून, आतून विजेरी मारून भोके मोजावीत. बुजवलेल्या भोकांच्या जागी पत्र्यावर वाटाण्याएवढे वेल्डचे उंचवटे दिसतात, आणि त्यांची मांडणी वापरात असलेल्या भोकांहून वेगळी असेल तर ते बॉनेट पूर्वी दुसऱ्या वर्षाचे नाव मिरवत होते.

क्रोमबद्दल नवशिक्यांचा एक गैरसमज दूर करायला हवा. जास्त चमक म्हणजे जास्त अस्सल, असे नाही. कोरियन युद्धामुळे निकेलसारख्या धातूंची टंचाई झाली आणि त्या काळात अनेक चकाकत्या भागांना रंग मिळाला. १९५२च्या डॅशबोर्डवरील पट्ट्या रंगवलेल्या असणे बरोबर आहे आणि क्रोमच्या असणे हे नंतरच्या हौसेचे लक्षण आहे. त्याच वर्षी वेगमापकही ताशी ८० मैलांऐवजी ९० मैलांपर्यंतचा झाला. अर्थात वेगमापक चार स्क्रूंचे काम आहे, तेव्हा त्याची नोंद वहीत शेवटच्या पानावर.

मागच्या भागाकडे जाताना आधी चाकाचे नट मोजावेत. अर्ध्या टनाच्या ट्रकला सहा आणि पाऊण टनाच्या ट्रकला आठ असतात. हौद्याची लांबी त्यांच्याशी जुळली पाहिजे. ३१००चा हौदा सुमारे साडेसहा फूट, ३६००चा सुमारे सव्वासात फूट आणि ३८००चा सुमारे नऊ फूट लांब आहे, तर पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर अनुक्रमे ११६, १२५.२५ आणि १३७ इंच आहे. आखूड हौद्याला मागणी जास्त असल्यामुळे लांब ट्रकवर आखूड हौदा चढवण्याचे प्रकार होतात. तेव्हा केबिन आणि हौद्यामधली फट आणि मागच्या चाकाची मडगार्डमधली जागा आधी डोळ्यांनी जोखावी आणि मग मोजपट्टी लावावी. फूटबोर्डही लांबीप्रमाणे वेगवेगळे आहेत. वाढवून जोडलेला फूटबोर्ड खालून पाहिल्यावर लगेच ओळखू येतो.

हौद्याच्या बाजूंची वरची कड १९५३पर्यंत तिरकी आहे आणि १९५४पासून आडवी, सपाट आहे. मागचे दिवेही १९५४ला आयताचे गोल झाले. दिव्यांवर फार भर देऊ नये, पण वरची कड दाबाने घडवलेली असल्यामुळे तिची साक्ष पक्की समजावी. तळाच्या लाकडी फळ्या १९५१च्या मध्यापर्यंत नऊ आणि त्यानंतर आठ आहेत. लाकूड बहुतेक ट्रकमध्ये कधीच बदललेले असते, पण फळ्यांमधल्या पोलादी पट्ट्या आणि आडव्या तुळयांवरची बोल्टची भोके मूळ मांडणी सांगतात. १९५३पर्यंत हौदा लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेला असे. ते जागेवर असतील, अगदी कुजलेले असले तरी, तर मालकाने सांगण्याआधीच त्यांचे छायाचित्र घ्यावे. फाळक्यावर दाबलेल्या ‘शेव्हरोले’ या अक्षरांच्या कडा मूळ भागात कष्टाच्या खुणांनी बोथट आणि जरा वेड्यावाकड्या झालेल्या असतात. साखळीचे घाव नसलेला, तळाची घडी अगदी सरळ असलेला फाळका बहुधा अलीकडे घडवलेला असतो.

फाळका, हौद्याच्या बाजू, मडगार्ड, फूटबोर्ड आणि जाळ्या हे सगळे भाग आज नव्याने तयार होतात आणि त्यांतले काही उत्तम असतात. ते वापरण्यात गैर काही नाही. मात्र त्यांना मूळ म्हणून किंमत देऊ नये. मूळ पत्र्याची ओळख गंजाच्या जागांवरूनही पटते. थंडीत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या मिशिगनसारख्या राज्यांत केबिनचे खालचे मागचे कोपरे, दारांचे तळ आणि पुढच्या मडगार्डचा चाकामागचा भाग हे आधी जातात. अशा राज्यात आयुष्य काढलेल्या ट्रकचे बाकी सगळे भाग खवलेले असून हेच कोपरे नितळ असतील, तर तिथे नवा तुकडा जोडलेला आहे हे सांगायला चुंबकाचीही गरज पडत नाही.

मुंबईच्या वाचकांसाठी एक अवांतर गोष्ट. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला जोडणीचा कारखाना उघडला आणि तो १९५४मध्ये बंद झाला, म्हणजे या मालिकेतली बहुतेक वर्षे कंपनीचे जोडणीचे काम मुंबईत चालू होते. भारतात एखादा उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेला ट्रक सापडला तर वर दिलेल्या खुणा केबिनपुरत्या जरूर लावाव्यात, पण हौद्याबाबत निकाल देण्याची घाई करू नये. आपल्याकडे मागची बांधणी स्थानिक सुतार-लोहारांकडून करून घेण्याची पद्धत जुनी आहे, आणि सागवानी हौदा हाच त्या ट्रकचा पहिला हौदा असू शकतो.

शेवटची पायरी वहीची. प्रत्येक भागासमोर तो कोणत्या वर्षांचा असू शकतो तेवढेच लिहावे, मत लिहू नये. माझ्या पहिल्या ट्रकची अशी नोंद आज केली तर ती पुढीलप्रमाणे होईल. पट्टी १९५०, पुढची काच १९४७ ते १९५३, केबिनमधले इंधनाचे तोंड १९४९ किंवा नंतर, पायाजवळचा झरोका १९५०पर्यंत, दारे फक्त १९५१, बॉनेटची भोके १९४९ ते १९५२ची, बुजवलेले एकही नाही, हौद्याची कड १९५३पर्यंत, तळ नऊ फळ्यांच्या मांडणीचा. तोंड आणि झरोका एकत्र वाचले की केबिन १९४९ किंवा १९५०ची ठरते, पट्टीचा दावा टिकतो आणि दारे एकटी पडतात. वर्षाच्या सीमेवर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या आसपास जोडलेल्या ट्रकवर किंवा ज्या वर्षी मध्यावर बदल झाला त्या वर्षीच्या ट्रकवर एखादी नोंद एका बाजूला सरकलेली दिसली तर ती दोष म्हणून धरू नये. तिथे पट्टीवरचे महिन्याचे अक्षर पुन्हा पाहावे. बाकीच्या एकट्या पडलेल्या नोंदींवर बोट ठेवून मगच किमतीची गोष्ट काढावी.